३.२३ की ४.१०? अमेरिकी मसल कारच्या गिअरमागची गोष्ट

जुन्या अमेरिकी मसल कारचा, म्हणजे साध्या गाडीत दांडगं इंजिन बसवलेल्या वेगवान गाडीचा, विषय निघाला की पहिला प्रश्न इंजिनाचा असतो. किती घनइंच, किती हॉर्सपॉवर, कार्ब्युरेटर किती. यातलं बरंचसं गाडीच्या बॉनेटवर आणि फेंडरवर ठळक अक्षरांत लिहिलेलंच असायचं. पण ज्यांनी या गाड्या शर्यतीच्या पाव मैलाच्या सरळ पट्टीवर पळवल्या, त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: मागे काय आहे? मागे म्हणजे मागच्या एक्सलमधला क्राऊन आणि पिनियन, शाफ्टची फिरकी चाकांना देणारी मोठ्या आणि लहान दातेरी चाकांची जोडी. एकाच इंजिनाच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या सिग्नलवर शेजारी उभ्या राहिल्या, तर कोण पुढे जाणार हे पुष्कळदा हा एक आकडा ठरवायचा. आणि हा आकडा गाडीच्या अंगावर कुठेच लिहिलेला नसायचा.

क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला १० दात असतील तर रेशो ४.१०. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट चार पूर्णांक एक फेरे फिरला की चाक एकदा फिरतं. ४२ आणि १३ दात असतील तर ३.२३. बाइकचं मागचं स्प्रॉकेट दोन दातांनी मोठं करून ज्यांनी पाहिलंय, त्यांना पुढचं सांगायला नको. पिकअप वाढतो, पण इंजिन सतत वरच्या आरपीएमला ओरडत राहतं आणि ॲव्हरेज जातं. जुन्या गाडीत नक्की कोणता रेशो आहे हे कळायला आजही खडू पुरतो. मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलायची, गिअर न्यूट्रलला ठेवायचा, एका टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खूण करायची आणि चाक हाताने एक फेरा फिरवायचं. शाफ्टवरची खूण चार वेळा येऊन किंचित पुढे सरकली, तर ४.१०. साधं डिफरन्शिअल असेल तर दुसरं चाक उलटं फिरू लागतं. मग ते घट्ट धरून ठेवायचं आणि हातातलं चाक दोन फेरे फिरवायचं.

मसल कारची सुरुवात बहुतेक जण १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून धरतात. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा जनरल मोटर्सचा स्वतःचा नियम होता. जॉन डेलोरियन आणि पाँटिॲकमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी जीटीओला वेगळं मॉडेल न म्हणता टेम्पेस्ट ल मान्सवरचा पर्याय म्हणून विकायला काढलं आणि ३८९ घनइंची व्ही-८ त्यात बसवलं. साधं ३२५ हॉर्सपॉवरचं, तीन कार्ब्युरेटरचं ३४८ चं. हे सगळं वारंवार सांगितलं जातं. गिअरबॉक्सबद्दल कमी बोललं जातं. मूळ किमतीत मिळायचा तो तीन गिअरचा मॅन्युअल, त्यावर हर्स्टचा फ्लोअर शिफ्टर. चार गिअरला जादा पैसे. आणि ऑटोमॅटिक घेतला तर त्यात फक्त दोन गिअर. ३४८ हॉर्सपॉवर आणि दोन गिअर! पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आरपीएम असा कोसळायचा की पुन्हा जोर धरेपर्यंत शेजारची गाडी निघून गेलेली असायची. जीटीओला तीन गिअरचा टर्बो-हायड्रामॅटिक ४०० मिळाला तो १९६७ मध्ये.

चार-स्पीड हा शब्द आज ऐकला की चौथा गिअर हायवेसाठी असेल असं वाटतं. तसं नव्हतं. बोर्ग-वॉर्नरचा टी-१० हा चार-स्पीड १९५७ मध्ये कॉर्व्हेटमध्ये आला. तो कंपनीच्या टी-८५ या तीन-स्पीडवरून बेतलेला होता. रिव्हर्सचे गिअर उचलून मागच्या टेलहाउसिंगमध्ये नेले आणि रिकाम्या झालेल्या जागेत एक पुढचा गिअर वाढवला. पण वाढवला तो टॉपच्या खाली. टॉप गिअर पूर्वीसारखाच एकास एक, इंजिन जितकं फिरेल तितकाच शाफ्ट फिरणार. नंतरचे जनरल मोटर्सचा मन्सी, फोर्डचा टॉपलोडर, क्रायस्लरचा ए-८३३, सगळे याच पद्धतीचे. मला वाटतं, मसल कारच्या गिअरचा सगळा इतिहास या एकास एकपाशी येऊन थांबतो. टॉप गिअर एकास एक असला की मागचा एक्सल दोन मालकांचा नोकर होतो. सिग्नलवरून उडी मारायची तीही त्यानेच आणि हायवेवर शांत धावायचं तेही त्यानेच.

जनरल मोटर्सचा मन्सी गिअरबॉक्स इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी १९६३ ते १९७४ पर्यंत बनला. त्याचे एम-२० आणि एम-२१ हे दोन प्रकार चाहत्यांच्या तोंडी कायम असतात. एम-२० चे १९६६ नंतरचे रेशो २.५२, १.८८, १.४६ आणि १.००. एम-२१ चे २.२०, १.६४, १.२८ आणि १.००. पहिल्याला वाइड रेशो म्हणतात, दुसऱ्याला क्लोज. आता जरा गणित करू. एम-२० ला मागे ३.५५ चा एक्सल दिला तर पहिल्या गिअरची एकूण ओढ, म्हणजे गिअरचा रेशो गुणिले एक्सलचा रेशो, ८.९५ होते. एम-२१ ला ४.१० दिला तर ९.०२. जाग्यावरून निघताना दोघांत फरक जवळजवळ नाहीच. पहिल्यातून दुसऱ्यात जातानाही दोघांत आरपीएम साधारण एक चतुर्थांशानेच पडतो. फरक उघडा पडतो तो तिसऱ्यातून चौथ्यात जाताना. ६,००० आरपीएमला गिअर टाकला तर एम-२० मध्ये इंजिन ४,१०० वर येऊन पडतं, एम-२१ मध्ये ४,७०० च्या जवळ राहतं. ज्या इंजिनाची खरी ताकद ५,००० च्या पुढे आहे, त्याला हे सहाशे आरपीएम म्हणजे शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यातला जीव की प्राण.

एम-२२ नावाचा तिसरा भाऊ एम-२१ चेच रेशो घेऊन आला, पण त्याच्या गिअरच्या दातांचा तिरपेपणा कमी ठेवला होता. दात जितके तिरपे तितका आवाज कमी, पण शाफ्टला बाजूने ढकलणारा जोर जास्त आणि उष्णताही जास्त. एम-२२ ने मजबुती घेतली आणि आवाज पत्करला. खालच्या गिअरमध्ये तो असा घुमायचा की त्याला रॉक क्रशर, म्हणजे खडीचं यंत्र, हेच नाव पडलं.

४.१० घालायचा की ३.३१, हा प्रश्न १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ च्या गिऱ्हाइकापुढे होता. त्यातल्या एलएस-६ इंजिनावर कंपनीचा आकडा ४५० हॉर्सपॉवर, तोही ५,६०० आरपीएमला. अशी गाडी पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची, रेषा साधारण १०५ मैल वेगाने ओलांडते असं धरू आणि टायर २७ इंची धरू. ४.१० च्या एक्सलवर त्या क्षणी टॉप गिअरमध्ये इंजिन ५,३५० च्या आसपास फिरत असतं, म्हणजे जवळजवळ पूर्ण ताकदीच्या माथ्यावर. ३.३१ वर तेच ४,३०० ला रेंगाळतं. पट्टीसाठी उत्तर सोपं आहे. पण तीच गाडी सोमवारी कामावर न्यायची म्हटली, तर १०० किलोमीटरच्या वेगाला ४.१० वर ३,१७० आरपीएम, तासन् तास. पेट्रोल स्वस्त होतं म्हणून हे चालून गेलं.

इंजिनाच्या स्वभावावरही पुष्कळ अवलंबून होतं. १९६७ च्या कमॅरो झी-२८ चं इंजिन होतं ३०२ घनइंचांचं, ट्रान्स-ॲम शर्यतीच्या ३०५ घनइंचांच्या मर्यादेत बसवलेलं. स्ट्रोक छोटा, खालच्या आरपीएमला ओढ कमी, वर गेलं की मात्र थांबता थांबायचं नाही. त्यामुळे त्याला ऑटोमॅटिक मिळतच नव्हता, चार-स्पीड घ्यावाच लागायचा आणि मागे ३.७३ मूळचाच. उलट ४४० किंवा ४५४ घनइंची इंजिनाला खालीच इतकी ओढ असते की पहिला गिअर फार जड करून उपयोग नाही. त्या काळचे टायर नुसता धूर काढायचे आणि गाडी जाग्यावर राहायची.

क्रायस्लरने या बाबतीत घेतलेला एक निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. ४२६ घनइंची हेमी इंजिनासोबत चार-स्पीड मॅन्युअल घेतला तर मागे पावणेदहा इंची क्राऊनचा डेना ६० एक्सल मिळायचा, ३.५४ किंवा ४.१० रेशोमध्ये. तेच हेमी टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिकसोबत घेतलं तर मूळचा लहान, पावणेनऊ इंची एक्सल पुरायचा. कारण क्लच. डावा पाय झटक्यात सोडला की तो सगळा हिसका थेट पिनियनच्या दातांवर बसतो. ऑटोमॅटिकमध्ये मध्ये तेलाचा टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो हिसका गिळतो.

हाच कन्व्हर्टर सुरुवातीला ओढ वाढवूनही देतो, जवळपास दुप्पट. टॉर्कफ्लाइट ७२७ चा पहिला गिअर २.४५, दुसरा १.४५. टर्बो-हायड्रामॅटिक ४०० चे २.४८ आणि १.४८, फोर्डच्या सी-६ चे २.४६ आणि १.४६. तीन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे आकडे इतके जवळ येण्याचं कारण म्हणजे तिघांच्याही पोटात हॉवर्ड सिम्प्सन यांच्या रचनेचा प्लॅनेटरी गिअर सेट होता. कागदावर २.४५ फिका दिसतो, पण कन्व्हर्टरची वाढ धरली तर निघताना तो चार-स्पीडच्या पहिल्या गिअरला सहज मागे टाकतो. क्रायस्लरच्या तरुण इंजिनिअरांनी काढलेल्या रॅमचार्जर्स क्लबने साठच्या दशकाच्या सुरुवातीला लाल-पांढऱ्या पट्ट्यांची डॉज टॉर्कफ्लाइटवरच पळवली. गाडीचं नाव कँडीमॅटिक. ऑटोमॅटिक म्हणजे घरगुती गाडीचा गिअर हा समज पट्टीवरच मोडला.

मग १९७३ चं तेलसंकट आलं आणि १९७४ च्या आरंभी सगळ्या अमेरिकेत ताशी ५५ मैलांची मर्यादा. कॉम्प्रेशन रेशो आणि हॉर्सपॉवर आधीच उतरू लागले होते. आता मागचे एक्सलही उतरले. ३.५५ आणि ३.७३ च्या जागी २.७३, २.५६ असे आकडे दिसू लागले. त्या वर्षांतल्या गाड्या मलूल वाटतात त्याचा सगळा दोष इंजिनाला दिला जातो. निम्मा तरी एक्सलचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

उपाय ओव्हरड्राइव्हचा होता, म्हणजे टॉप गिअर एकापेक्षा कमी रेशोचा. तो नवा नव्हताच. बोर्ग-वॉर्नरचं ओव्हरड्राइव्ह पन्नासच्या दशकातल्या कितीतरी साध्या अमेरिकी गाड्यांत होतं. मोठ्या इंजिनांच्या आणि स्वस्त पेट्रोलच्या धुंदीत ते मागे पडलं. ऐंशीच्या दशकात ते टी-५ या पाच-स्पीडमधून मस्टँग जीटीत परतलं. या टी-५ चा पहिला गिअर ३.३५, पाचवा ०.६८. मागे ३.०८ चा सौम्य एक्सल असला तरी पहिल्या गिअरची एकूण ओढ १०.३ होते, ४.१० वाल्या एलएस-६ शेव्हेलच्या ९.०२ पेक्षा जास्त. आणि पाचव्यात तीच २.०९, म्हणजे हायवेवर सत्तरीतल्या २.५६ एक्सलपेक्षाही शांत. दोन मालकांचा नोकर एकदाचा सुटला. १९८६-८७ ची ब्यूक ग्रँड नॅशनल तर फक्त ऑटोमॅटिकमध्येच मिळायची. चार गिअर, त्यातला शेवटचा ०.६७, मागे ३.४२, आणि ब्रेक धरून टर्बोचा दाब चढवून सुटायची सोय कन्व्हर्टरने दिलेली.

पुढचा प्रवास आकड्यांचाच आहे. २०१५ च्या डॉज चॅलेंजर हेलकॅटला ७०७ हॉर्सपॉवर आणि आठ-स्पीड ऑटोमॅटिक. मागचा एक्सल फक्त २.६२, सत्तरीतल्या मलूल गाडीला शोभेल असा. पण पहिला गिअर ४.७१ चा, म्हणजे एकूण १२.३. आठवा ०.६७, त्यामुळे हायवेवर इंजिन १,३०० च्या आसपास गुणगुणतं. २०१८ च्या चॅलेंजर डीमनमध्ये एक्सल ३.०९ केला आणि एकूण ओढ साडेचौदाच्या वर गेली. इतकी ओढ रस्त्यावर उतरवणारे टायर १९७० मध्ये असते, तर कदाचित तेव्हाच्या लोकांनीही पहिला गिअर असाच जड केला असता.

जुन्या गाड्या सांभाळणारे आता हाच उपाय मागे नेतात. ४.१० चा एक्सल तसाच ठेवायचा आणि पुढे ट्रेमेक कंपनीचा पाच-स्पीड गिअरबॉक्स बसवायचा. पाचवा गिअर ०.६८ चा असेल तर हायवेवर तो एक्सल २.७९ सारखा वागतो आणि १०० च्या वेगाला ३,१७० आरपीएमचे २,१५० होतात. मूळ मन्सीवर मात्र गाडीच्या चेसिसशी जुळणारा नंबर कोरलेला असतो. तो बाहेर काढतात, पुसतात, कापडात गुंडाळतात आणि गॅरेजच्या कोपऱ्यात फळीवर जपून ठेवतात.