परागकण की बीजाणू? जीवाश्मांच्या स्लाइडवरचा घोळ

कोट्यवधी वर्षांपूर्वीचं रान कसं होतं हे शोधायला खडकाचा तुकडा आधी हायड्रोक्लोरिक आणि मग हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवतात. उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली जातो. एवढ्या आम्लाला पुरून उरतं ते स्पोरोपोलेनिन या चिवट पदार्थाचं कवच. पण हे कवच परागकणालाही असतं आणि बीजाणूलाही, म्हणून नवखा माणूस दोघांनाही सरसकट 'पराग' म्हणून मोकळा होतो.

परागकण बीज धरणाऱ्या झाडांचा. तो नर पेशी वाहून नेतो, मादीपर्यंत पोचला तरच उपयोग. बीजाणू नेच्यांचा आणि हरितांचा, म्हणजे मॉससारख्या वनस्पतींचा. ओलावा मिळाला की एकटाच रुजतो.

नेच्यांच्या अनेक बीजाणूंवर तीन फाट्यांची खूण असते. चार बीजाणू एकत्र तयार होताना जिथे एकमेकांना चिकटलेले असतात, तिथेच ती उमटते. गवताच्या परागकणाला एकच गोल भोक असतं, पाइनच्या कणाला दोन हवेच्या पिशव्या. इथवर सोपं आहे. खरी परीक्षा एकाच चिरेच्या कणांची. काही नेच्यांच्या घेवड्याच्या दाण्यासारख्या बीजाणूंवर एक सरळ रेघ असते, आणि ताडवर्गातल्या बऱ्याच परागकणांनाही एकच लांब चीर. फोकस हळूहळू वरखाली करत पाहावं लागतं: बीजाणूची रेघ बारीक, काठ बहुधा उचललेले. परागकणाची चीर म्हणजे कवच पातळ झालेली खाच, दाबाखाली आत दुमडलेली. घाईत नेचा ताड होतो आणि रानाचा सगळा हिशेब चुकतो.

हा हिशेब किती मोलाचा, हे अमेरिकेतल्या रॅटन खोऱ्यात दिसतं. तिथे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लघुग्रह आदळून पसरलेल्या इरिडियम धातूच्या थराच्या लगेच वर फुलझाडांचे परागकण एकदम घटतात आणि नेच्यांचे बीजाणू उसळतात. उद्ध्वस्त जमिनीवर आधी नेचेच परतले. दोन्ही कण एकाच रकान्यात मोजले असते तर ही उसळी दिसलीच नसती.

त्याच काळाच्या आसपास आपल्या दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये तळी साचत होती. छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानच्या अशा गाळात अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याचे बीजाणू सापडले आहेत. आज गोठ्यामागच्या वाफ्यात जनावरांसाठी वाढवतात, त्याच अझोलाच्या कुळातले. तिथे संथ, गोडं पाणी होतं हे ते थेट सांगतात. वाऱ्यावर लांबून आलेल्या परागकणावर इतका भरवसा ठेवता येत नाही.