थंडीत धरणाच्या पाण्यात मासे कुठे शोधायचे?

दिवाळी उलटली की गोव्यात पहाटेचा पारा विशीकडे झुकू लागतो. किनाऱ्यावर हा गारवा फारसा जाणवत नाही, पण अंजुणे, साळावलीसारख्या धरणांच्या पाण्यात त्याने बरीच उलथापालथ होते. उन्हाळ्यात उजाडायच्या आधी गळ टाकून बसणाऱ्यांनी या दिवसांत वेळही बदलावी आणि गळाची खोलीही.

याचं मूळ पाण्याच्या वजनात आहे. ३० अंश सेल्सिअसचं एक घनमीटर पाणी ९९५.६५ किलो भरतं, २८ अंशांचं ९९६.२३. दोन अंशांत अर्ध्या किलोहून जास्त फरक! थंड देशातल्या तळ्यात पाणी ८ वरून ६ अंशांवर आलं तर हा फरक १०० ग्रॅमही नसतो. त्यामुळे आपल्याकडे तापमानात थोडी तफावत पडली तरी पाण्याचे पक्के थर होतात. ऑक्टोबरच्या उन्हात वरचा थर तापतो, खालचा गारच राहतो आणि तळाशी पाला कुजून तिथला ऑक्सिजन संपत जातो. पुढे गार रात्री सुरू झाल्या की वरचं पाणी जड होऊन खाली बसतं, थर मोडतात आणि तळाचं पाणी वर येतं. अशा पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडं उघडताना दिसतात. पाण्याला कुजक्या अंड्यांचा वासही येऊ शकतो. हे मासे गुदमरलेले असतात, आमिषाकडे पाहतही नाहीत. अपवाद मरळीचा: ती थेट हवेतून श्वास घेते, म्हणून तिला याची फारशी झळ लागत नाही.

थर मोडलेत की नाही, हे मोजून पाहता येतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत थर्मामीटर घाला, तळाला दगड बांधा, तोंडाला सैल बूच लावा. दर मीटरला गाठ मारलेल्या दोरीने बाटली सोडा आणि बुचाच्या वेगळ्या दोरीला हिसका द्या. बाटली भरल्यावर दोन मिनिटं थांबून झटकन वर ओढा व लगेच आकडा वाचा. रेंगाळलात तर उन्हाने आकडा चढतो. १, ३ आणि ६ मीटरवर मोजा. वर-खाली दोन अंशांचा फरक असेल तर गळ वरच्या थरातच ठेवा. सगळीकडे एकच आकडा आला आणि पहाटे मासे तोंडं उघडत नसतील, तर पाणी नीट मिसळलं आहे. आता कटला वर, रोहू मधे आणि मृगळ तळाशी, आपापल्या जागी शोधावेत.

गार पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो: ३० अंशांना लिटरमागे साधारण ७.५ मिलिग्रॅम, २४ अंशांना ८.४. पण माशाच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर उतरतं आणि चार अंश घटले की पचनाचा वेग ढोबळमानाने पाव हिश्शाने मंदावतो. मासा खातो, पण कमी आणि सावकाश. म्हणून सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ धरावी. पूर्वेला डोंगर असेल तर सकाळी पश्चिमेचा काठ आधी उन्हात येतो. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की वरचं कोमट पाणी पूर्वेच्या काठाकडे ढकललं जातं. तेव्हा तिकडे सरकावं.

आमिषाला दोन भाग कणीक, एक भाग भाजलेली शेंगदाण्याची पेंड, मळण्यापुरतं पाणी. गोळी हरभऱ्याएवढीच, गळ आठ किंवा दहा नंबरचा. पाण्यात खाद्य टाकायचं तर दोन मुठी पुरेत. जास्त टाकलं तर ते तसंच पडून आंबतं आणि पोट भरलेला मासा गळाकडे फिरकत नाही. पावसाचा गढूळपणा बसल्याने पाणी नितळ असतं, तेव्हा ०.२५ मिलिमीटरची दोरी बरी. सर्वांत जास्त मासे सुटतात ते फ्लोटमुळे, म्हणजे चावा कळावा म्हणून दोरीला लावलेल्या तरंगत्या खुणेमुळे. या दिवसांत चावा हलका असतो, कधी फ्लोट बुडण्याऐवजी नुसता वर उचलला जातो. शिशाचे मणी लावून फ्लोटचं फक्त एक सेंटिमीटर टोक पाण्यावर राहील असं बघावं.

वाहत्या नदीत असे थर टिकत नाहीत. तिथे पहाटे झऱ्याचं तोंड गाठावं. विहिरीसारखंच झऱ्याचं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाचं, म्हणून गारठ्यात नदीपेक्षा कोमट असतं. म्हादई अभयारण्याच्या हद्दीत मात्र मासेमारीला मनाई आहे आणि धरणाच्या काठी उतरण्याआधी परवानगीची चौकशी करावी.