फी माफ झाली, मग भरायची कशाला? खासगी कॉलेजच्या शिष्यवृत्त्यांची पार्श्वभूमी

प्रवेशाच्या दिवसांत महाराष्ट्रातल्या कुठल्याही खासगी अभियांत्रिकी कॉलेजच्या फीच्या खिडकीवर एक वाद हमखास ऐकू येतो. पालक म्हणतात, सरकारने अर्धी फी माफ केली आहे. कारकून म्हणतो, सरकारचे पैसे येतील तेव्हा तुमच्या खात्यात येतील, आत्ता पूर्ण भरा. वाद शब्दामुळे होतो. 'शिष्यवृत्ती' या एकाच नावाखाली आपल्याकडे दोन निराळे व्यवहार चालतात. एकात विद्यार्थ्याला शिकताना जगता यावे म्हणून त्याच्या हाती पैसा दिला जातो. दुसऱ्यात कॉलेजची बुडालेली फी सरकार मागाहून भरून देते, आणि शासन निर्णयांच्या भाषेत त्याला 'प्रतिपूर्ती' म्हणतात. पहिला प्रकार शंभर वर्षांहून जुना आहे. दुसरा मुख्यतः १९८३ नंतर वाढला, आणि आजची बहुतेक डोकेदुखी त्याच्यातून येते.

जुन्या काळी कॉलेजची फी हा अडथळा होताच, पण त्याहून मोठा प्रश्न होता राहायचे कुठे आणि जेवायचे काय. पुण्यात गरीब ब्राह्मण मुले वार लावून किंवा माधुकरी मागून शिकत. बाकीच्या जातींच्या मुलांना तेही दार बंद होते. त्यामुळे राजर्षी शाहू महाराजांनी सुरुवात केली ती फीपासून नव्हे, वसतिगृहापासून. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले आणि पुढे जातवार बोर्डिंगांची रांगच लागली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी डॉ. आंबेडकरांना एल्फिन्स्टन कॉलेजात असताना मासिक पंचवीस रुपये दिले आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षे मासिक साडेअकरा पौंड दिले. बदल्यात संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले तेव्हा 'कमवा आणि शिका' ही योजना त्यासोबत आली. या सगळ्यांत पैसा किंवा सोय थेट मुलापर्यंत पोहोचत होती.

फीमाफीसाठी वेगळा शब्द होता: नादारी. पूर्ण नादारी, अर्धी नादारी. संस्था ती आपल्या उत्पन्नातून सोडून देई. १९६० च्या सुमारास यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या कुटुंबांतील मुलांना फीची सवलत दिली, ती ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागासवर्ग) सवलत म्हणून घरोघरी माहीत झाली. इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तेव्हाची बहुतेक कॉलेजे सरकारी किंवा अनुदानित होती, पगार सरकारच देत होते. त्यामुळे फी माफ केल्याने कॉलेज बंद पडेल अशी वेळ येत नसे. हिशेबात इकडचे तिकडे होई, एवढेच.

केंद्राची मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाची, शिष्यवृत्ती १९४४ साली अनुसूचित जातींसाठी सुरू झाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असलेल्या डॉ. आंबेडकरांनी त्यासाठी सरकारला भाग पाडले होते. पुढे तिच्यात अनुसूचित जमाती आल्या. देखभाल भत्ता आणि कॉलेजची न परत होणारी फी असे तिचे दोन भाग पूर्वापार आहेत. कॉलेजची फी वर्षाला काहीशे रुपये असेपर्यंत दुसऱ्या भागाकडे कोणी फारसे पाहिले नाही.

१९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी आणि इतर व्यावसायिक कॉलेजे काढायला परवानगी दिली. कारण उघड होते. महाराष्ट्रातली मुले कर्नाटकात देणग्या भरून शिकायला जात होती आणि सरकारकडे नवी कॉलेजे काढायला पैसा नव्हता. जमीन, इमारत, पगार सगळे संस्थेचे, आणि ते भरून निघायचे फीमधून. देणगीची बोली लगेच सुरू झाली, म्हणून १९८७ चा कॅपिटेशन फी बंदी कायदा आला. कायद्याने पावती नसलेला व्यवहार थांबला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण फी अधिकृतपणे किती असावी हा प्रश्न मात्र पहिल्यांदा सरकारच्या टेबलावर आला.

त्याचे पहिले उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात दिले. निम्म्या जागा 'फ्री सीट', तिथे सरकारी कॉलेजइतकी फी. उरलेल्या निम्म्या 'पेमेंट सीट', तिथे जास्त फी. म्हणजे पेमेंट सीटवाल्याने फ्री सीटवाल्याचा खर्च उचलायचा. कागदावर हे बरे दिसत होते. प्रत्यक्षात फ्री सीट गुणांवर मिळायची आणि गुण बहुतेकदा शहरातल्या, क्लास लावलेल्या, सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांना असत. मग जिल्ह्याच्या गावातला शेतकऱ्याचा मुलगा कर्ज काढून त्यांचा खर्च भरत बसला. २००२ साली टीएमए पै निकालात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ही पद्धत मोडीत काढली. २००३ च्या इस्लामिक अकॅडमी निकालाने राज्याराज्यांत निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली फी ठरवणाऱ्या समित्या आणल्या. महाराष्ट्रात तिचे नाव शिक्षण शुल्क समिती. २००५ चा पी. ए. इनामदार निकाल पुण्यातल्याच शिक्षणसंस्थेशी जोडलेला. त्याने विनाअनुदानित कॉलेजांवर सरकारी कोटा लादता येणार नाही असे सांगितले, आणि त्यावर उतारा म्हणून संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती केली.

इथे गाडीने रूळ बदलला. एका कॉलेजात एका अभ्यासक्रमाची फी आता सगळ्यांना सारखी झाली, एनआरआय जागा सोडून. श्रीमंताने गरिबाचा भार उचलायची सोय गेली. गरिबाची फी भरायची तर ती सरकारनेच, आणि तीही कॉलेजच्या खर्चावरून ठरलेल्या पूर्ण दराने. नादारीच्या काळी हिशेबात मिटणारा आकडा आता तिजोरीतून खरोखर बाहेर जाणारा पैसा झाला.

तो दर कसा ठरतो हे पालकांना क्वचितच माहीत असते. २०१५ च्या कायद्याने जुन्या समितीच्या जागी शुल्क नियामक प्राधिकरण आले, ज्याला सगळे एफआरए म्हणतात. कॉलेज आपले लेखापरीक्षित हिशेब देते, त्यातल्या पगार आणि इतर मान्य खर्चाला विद्यार्थीसंख्येने भागून शिक्षण शुल्क निघते आणि त्यावर विकास शुल्क चढते. शेजारशेजारच्या दोन कॉलेजांत फी दुप्पट-तिप्पट वेगळी दिसते ती यामुळे. कॉलेजच्या फी-पावतीवर शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस, बस असे बरेच रकाने असतात. शिष्यवृत्तीचा शासन निर्णय बोलतो तो त्यातल्या एक-दोन रकान्यांबद्दलच.

सरकार किती फी भरेल हे प्रवर्गावर ठरत गेले आणि त्याची एक उतरंड तयार झाली. अनुसूचित जातींत कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या वाट्याची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर राज्याच्या पैशातून फ्रीशिप. फी दोन्हीकडे पूर्ण, फरक भत्त्याचा. विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण शिक्षण शुल्क. ओबीसींना खासगी विनाअनुदानित कॉलेजात निम्मे. खुल्या प्रवर्गातल्या गरिबांना ईबीसीचे निम्मे, पण त्याची उत्पन्नमर्यादा कित्येक वर्षे एक लाखावर अडकून पडली होती. एक लाखाच्या आत उत्पन्न दाखवणारा आणि उरलेली निम्मी फी भरू शकणारा माणूस शोधून सापडणे कठीण, त्यामुळे योजना असून नसल्यासारखी होती.

ती हलली २०१६ साली. ऑगस्टपासून राज्यभर मराठा मोर्चे निघत होते आणि आरक्षणाच्या मागणीइतकीच कॉलेजच्या फीची तक्रार त्यात होती. ऑक्टोबरमध्ये सरकारने ईबीसी सवलतीला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना असे नाव दिले आणि उत्पन्नमर्यादा वाढवली. अडीच लाखांपर्यंत गुणांची अट नाही, त्यापुढे सहा लाखांपर्यंत साठ टक्के गुण. पुढे गुणांची अट सैल झाली आणि मर्यादा आठ लाखांवर गेली. राहण्या-जेवणासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आली: अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलांना सुरुवातीला मोठ्या शहरांत वर्षाला तीस हजार, इतरत्र वीस हजार. अनुसूचित जातींच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम. शाहू महाराजांच्या बोर्डिंगचा विचार फीच्या गोंगाटात हरवला होता, तो या भत्त्यांतून थोडाफार परत आला.

राजर्षी शाहू योजनेच्या अटी पाहिल्या तर प्रत्येकीमागे एक भोक बुजवण्याचा प्रयत्न दिसतो. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधूनच हवा, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ. शिक्षणात दोन वर्षांपेक्षा जास्त खंड नको. किमान पन्नास टक्के हजेरी. दुसरी शिष्यवृत्ती सोबत घेता येत नाही. हजेरीच्या अटीला विदर्भातल्या शिष्यवृत्ती घोटाळ्याची पार्श्वभूमी आहे. तिथे काही संस्थांनी वर्गात कधीही न बसलेल्या मुलांच्या नावावर प्रतिपूर्ती उचलली होती, आणि सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. पैसा कॉलेजच्या खात्यात थेट जात असल्यावर पटावर नाव असणे पुरे होते.

म्हणून पैसे विद्यार्थ्याच्याच बँक खात्यात टाकायचे ठरले आणि ऑनलाइन अर्जांसाठी राज्याचे महाडीबीटी पोर्टल आले. २०१७-१८ च्या पहिल्या वर्षी ते इतके कोलमडले की सरकारला कागदी अर्जांकडे वळावे लागले. नंतर ते सुधारले. मात्र त्याने खिडकीवरचा वाद उलटा केला. आधी कॉलेज सरकारची वाट पाहत असे, आता कॉलेज विद्यार्थ्याच्या खात्याकडे डोळे लावून बसते. त्यात २०२० च्या डिसेंबरात केंद्राने अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत आपला वाटा साठ टक्के केला. त्याआधी 'बांधील दायित्व' या सूत्राने जवळजवळ सगळा भार राज्यांवर पडला होता, त्यामुळे हा बदल हवाच होता. पण केंद्राचा साठ टक्के वाटा राज्याने चाळीस टक्के दिल्यानंतर सुटतो, त्यामुळे पैसे दोन वेगळ्या हप्त्यांत येतात. फीची रक्कम खात्यात आल्यावर सात दिवसांत कॉलेजला भरायची असा नियम आहे. घरात आजारपण असेल, खत-बियाण्यांचा हंगाम असेल, तर ते सात दिवस केव्हा निघून जातात कळत नाही. मग परीक्षेचे हॉलतिकीट आणि टीसी अडकते.

अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक वेळा ठरावीक कारणांनी. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच लागतो, तोही चालू वर्षाचा. नोकरदार फॉर्म १६ जोडतात आणि अर्ज परत येतो. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र असले की वेगळा उत्पन्नाचा दाखला नको, असा गैरसमज फार पसरलेला आहे. ते प्रमाणपत्र आरक्षित जागेसाठी असते. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच जातात, आणि शेवटी जोडलेली बँक मोजली जाते. घरच्यांनी दुसऱ्या कामासाठी नव्या बँकेत आधार दिले की हप्ता त्या खात्यात जातो आणि मुलगा महिनाभर जुन्या पासबुकात एंट्री शोधत बसतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाऐवजी नवा अर्ज भरला तर तोही लटकतो. अर्ज कॉलेजच्या लॉगिनमधून पुढे गेल्याशिवाय विभागाला दिसतच नाही, म्हणून 'सबमिट' झाला यावर न थांबता तो कोणत्या टेबलावर आहे ते दर आठवड्याला पाहावे.

शिष्यवृत्ती नसलेली पण जास्त खात्रीची एक वाट आहे, तिच्याकडे कमी लोक पाहतात. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेत प्रत्येक शाखेत पाच टक्के जादा जागा असतात, उत्पन्नमर्यादा आठ लाख. शिक्षण शुल्क कॉलेजच सोडते, सरकारकडून काही यायचे नसते, त्यामुळे थांबायचेही नसते. फक्त एकदा घेतल्यावर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही, आणि कट-ऑफ चढा असतो. ही जुन्या नादारीचीच आवृत्ती आहे, आणि बिनबोभाट चालते.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना निम्म्याऐवजी पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले. त्यासाठी वर्षाला सुमारे ९०६ कोटींचा जादा भार धरला होता. 'मुलींचे शिक्षण मोफत' या मथळ्याखाली ते छापून आले आणि त्या वर्षीपासून खिडकीवर नवा वाद सुरू झाला, कारण विकास शुल्क, अनामत, वसतिगृह या रकान्यांना निर्णयाने हात लावलेला नाही.

या निर्णयातून आणि राजर्षी शाहू योजनेतून अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे वगळलेली आहेत. त्यांची फी ते स्वतः ठरवतात, प्रतिपूर्तीसाठी एफआरएचा आकडाच नसतो. गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईकडची जुनी, नावाजलेली कॉलेजे एकेक करून विद्यापीठे होत आहेत. कॅपचा अर्ज भरताना पसंतीक्रमात कॉलेजचे नाव लिहिण्याआधी ते या वर्षी कॉलेज आहे की विद्यापीठ, हे तपासलेले बरे. पाटी तीच असते, इमारतही तीच.