जास्वंदीच्या क्लोजअपमध्ये अर्धं फूल धूसर का येतं?

जास्वंदीचा अगदी जवळून फोटो काढला की दांड्याच्या टोकावरचे ते पाच लाल मखमली गोळे शार्प येतात आणि मागचे पिवळे पुंकेसर, पाकळ्या, सगळं धूसर. मग आपण लेन्सला शिव्या घालतो. पण बिचाऱ्या लेन्सचा काही दोष नसतो.

वस्तू सेन्सरवर (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप) तिच्या खऱ्या आकाराएवढीच उमटली की त्याला १:१ मॅक्रो म्हणतात, आणि तिथे फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात एफ/८ ला (हे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) फोकसमध्ये राहणारा थर असतो जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा! जास्वंदीचा दांडा कित्येक सेंटिमीटर लांब, तो समोरून त्यात कसा मावणार. (मोबाइलचा सेन्सर इवलासा असतो म्हणून तिथे हे कमी जाणवतं.)

बरं, एफ/१६ करा, थर दुप्पट होतो, पण इतक्या जवळून एफ/१६ ढोबळमानाने एफ/३२ सारखं वागतं, प्रकाश चौथाई उरतो आणि बारीक छिद्रातून जाताना तो पसरतो, त्यामुळे सगळाच फोटो थोडा मऊ पडतो. डोकं झाकायला गेलं की पाय उघडे, तसलं प्रकरण आहे हे. म्हणून लोक फोकस तसूतसूने पुढे सरकवत वीस-तीस फोटो काढतात आणि सॉफ्टवेअर प्रत्येकातला शार्प भाग उचलून एक फोटो बनवतं, याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. फक्त मध्ये वाऱ्याची झुळूक आली की झालं, पहिल्यापासून सुरू.

मला विचाराल तर सुरुवात कळीपासून करा. तिला बाजूने, कॅमेरा समांतर धरून टिपलं की तोच पातळ थर तिच्या लांबीभर पसरतो, आणि मिटलेल्या छत्रीसारखा पाकळ्यांचा पीळ स्वच्छ दिसतो, प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसरीच्या खाली.

लाल रंग मात्र छळतो. नेहमीच्या सेन्सरमध्ये लाल फिल्टर फक्त चौथाई पिक्सेलवर असतो आणि लालभडक फुलावर तेवढेच पिक्सेल आधी भरून जातात, मग पाकळीच्या शिरा गायब आणि उरतो नुसता लाल गोळा, तेव्हा एक्स्पोजर एक स्टॉप कमी, म्हणजे प्रकाश निम्मा ठेवा.

आणि पुंकेसरांवर फोकस नीट बसला तर पिवळे ठिपके झूम करून बघा, जास्वंदीचे परागकण मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही मोठे असतात, म्हणजे १:१ ला ४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पिक्सेलवर एकेक दाणा २५ पिक्सेल तरी रुंद येतो, गोल, आणि नशीब असेल तर काट्यांसकट.