कुंडीतली झाडं घरातली हवा शुद्ध करतात का?

स्नेक प्लांट, मनीप्लांट ठेवा, घरातली हवा शुद्ध होईल आणि हे नासानेच सिद्ध केलंय, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. नासाचा प्रयोग खराच आहे, १९८९ चा. पण तो झाला छोट्या, हवाबंद पेट्यांमध्ये. आत झाड ठेवून बेंझिन, फॉर्मल्डिहाइडसारखे घातक वायू सोडले आणि काही तासांनी ते कमी झालेले आढळले.

आपलं घर हवाबंद नसतं. दारं-खिडक्यांच्या फटींतूनही हवा सतत बदलत राहते, आणि झाडापेक्षा कितीतरी वेगाने. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये अशा जुन्या प्रयोगांची आकडेमोड पुन्हा केली. नेहमीच्या हवा खेळण्याशी बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं निघालं. म्हणजे माणसांना उभं राहायलाही जागा उरणार नाही!

झाडं जरूर लावा, मन प्रसन्न होतं. पण घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल, तर कुंड्यांच्या भरवशावर कृपया राहू नका. धूर घरात होऊच देऊ नका, स्वयंपाक करताना एक्झॉस्ट पंखा लावा, बाहेरची हवा बरी असेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडा. बाहेरच धुरकं असेल, तर हेपा फिल्टर (अगदी बारीक कण अडवणारी गाळणी) असलेलं हवा शुद्ध करणारं यंत्र सूक्ष्म धूलिकण खरोखर कमी करतं.