दोराने ओढून चार्ज केलेली पाणबुडी

गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. शिकागोच्या संग्रहालयातल्या जर्मन पाणबुडीचा फोटो, आणि खाली मजकूर असा की यू-505 नावाची ही पाणबुडी पकडली म्हणून दोस्त राष्ट्रांना एनिग्मा या जर्मनांच्या संदेश सांकेतिक करणाऱ्या यंत्राची भाषा फोडता आली. हे खरं नाही. एनिग्मावर पहिला घाव घातला पोलंडच्या मारियान रेयेव्स्की या गणितज्ञाने, 1932 मध्ये. पुढे मे 1941 मध्ये ब्रिटिशांना यू-110 या पाणबुडीवरून यंत्र आणि कागदपत्रं मिळाली. यू-505 हाती आली 4 जून 1944 रोजी. तोवर जर्मन पाणबुड्यांचे संदेश नेमाने वाचले जात होते. तिच्यावरच्या कागदांनी ते काम सोपं केलं, समुद्रावरच्या जागा लपवून लिहिण्याची जर्मन रीत उलगडली, हे मात्र खरं.

मी बरीच वर्षं आयटीआयमध्ये मोटर वाइंडिंग शिकवलं. मला या पाणबुडीचं वेड आहे ते एनिग्मासाठी नाही, तिच्या मोटरींसाठी. पण तिथवर पोचायचं तर आधी ती पकडली कशी, ते सांगायला हवं.

यू-505 हॅम्बर्गला बांधली गेली आणि ऑगस्ट 1941 मध्ये नौदलात आली. लांबी जवळजवळ 77 मीटर. फ्रान्समधलं लोरियाँ हा तिचा तळ. सुरुवातीला तिने आठ जहाजं बुडवली. मग दिवस फिरले. नोव्हेंबर 1942 मध्ये त्रिनिदादजवळ एका विमानाने इतक्या खालून बॉम्ब टाकला, की त्या स्फोटात विमानही गेलं आणि पाणबुडीही फाटली. कशीबशी ती परत आली. दुरुस्तीनंतर दर वेळी बाहेर पडावं आणि काहीतरी बिघडून परत यावं, असं महिनोन् महिने चाललं. पूर्वी तिने कोलंबियाचं एक शिडाचं जहाज बुडवलं होतं, त्याचाच हा शाप, असं खलाशी म्हणू लागले. आपल्याकडे साडेसाती म्हणाले असते. खरं कारण गोदीत होतं. जर्मनांच्या ताब्यातल्या त्या गोदीत काम करणारे फ्रेंच कामगार मुद्दाम कच्चं काम करत होते. एकदा तर इंधनाच्या टाकीला पेन्सिलीएवढं भोक पाडलेलं सापडलं, म्हणजे पाणबुडी जाईल तिथे पाण्यावर तेलाची रेघ उमटावी. जिवावर उदार होऊन ड्रिल चालवणाऱ्या माणसाचं श्रेय शापाला किंवा शनीला देणं मला सहन होत नाही.

ऑक्टोबर 1943 मध्ये डेप्थ चार्जचा, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बचा, मारा चालू असतानाच तिचा कप्तान पेटर चेख याने स्वतःवर गोळी झाडली. त्याच्यानंतर हाराल्ड लांगे आला.

अमेरिकेच्या बाजूला होता कॅप्टन डॅनियल गॅलरी. ‘ग्वाडलकनाल’ ही छोटी विमानवाहू नौका आणि सोबत पाच विनाशिका एवढा त्याचा ताफा. एप्रिल 1944 मध्ये त्यांनी यू-515 बुडवली. बुडण्याआधी ती काही वेळ पाण्यावर होती. गॅलरीच्या मनात आलं, पुढची अशी वर आली तर तिच्यावर माणसं का चढवू नयेत? त्याने प्रत्येक नौकेवर तुकड्या तयार ठेवल्या, ओढायचे पोलादी दोरही ठेवले.

4 जूनला आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर, भर दुपारच्या सुमाराला ‘चॅटलेन’ या विनाशिकेच्या सोनारवर, म्हणजे आवाज सोडून पाण्याखालची वस्तू शोधणाऱ्या यंत्रावर, पाणबुडीचा प्रतिध्वनी आला. वरच्या विमानांना पाण्याखालची सावली दिसत होती. त्यांनी पाण्यात गोळ्या झाडून जागा दाखवली. डेप्थ चार्ज फुटले, सुकाणू उजवीकडे वळलेल्या अवस्थेत अडकलं आणि काही मिनिटांत यू-505 वर आली. लांगेने बोट सोडण्याचा हुकूम दिला. खलाशांनी पाण्यात उड्या टाकल्या, पण मोटरी चालूच राहिल्या. बिनमाणसांची पाणबुडी समुद्रात गोल गोल फिरत राहिली.

जाताना जर्मनांनी ती बुडवायची सोय केली होती. शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा आपणच बुडवलेली बरी, हा तेव्हाचा शिरस्ता होता. मार्च 1943 मध्ये गोव्यात मुरगाव बंदरातली जर्मन जहाजं त्यांच्याच खलाशांनी अशी तळाला नेली होती. यू-505 मध्ये समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पाइपवरच्या गाळणीचं झाकण काढून टाकलेलं होतं आणि पाण्याचा जाड लोट आत येत होता.

इथे थोडं गणित करू. पाणबुडी पाण्यावर असताना 1120 टन पाणी बाजूला सारते, पूर्ण बुडाल्यावर 1232 टन. म्हणजे तरंगणं आणि बुडणं यांत फक्त 112 टनांचं अंतर. आता समजा भोक 15 सेंटीमीटर व्यासाचं आहे आणि पाण्याच्या पातळीखाली 3 मीटरवर आहे. पाण्याचा वेग 2 गुणिले 9.8 गुणिले 3 याचं वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला साधारण 7.7 मीटर. भोकाच्या कडेला धार आक्रसते ते धरलं तरी सेकंदाला 80 लिटर पाणी आत येतं, मिनिटाला जवळजवळ पाच टन. अगदी रिकामी पाणबुडीही बावीस-तेवीस मिनिटांत तळाला जाईल. यू-505 च्या तर बॅलास्ट टाक्यांतही (बुडी मारताना पाण्याने भरायच्या टाक्या) आधीच पाणी शिरलं होतं, मागची बाजू खाली गेली होती.

अशा बोटीत ‘पिल्सबरी’ विनाशिकेवरचा लेफ्टनंट अल्बर्ट डेव्हिड दोन साथीदारांसह उतरला. आत कोणी दबा धरून बसलंय का, स्फोटकं कधी फुटतील, काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या मागोमाग आलेल्या झेनन लुकोशियस याला तो लोट दिसला. झाकण तिथेच पडलेलं मिळालं. त्याने ते जागेवर बसवून आवळलं आणि पाणी थांबलं.

पण आत आलेल्या पाण्याचं काय? पंप विजेवर चालणारे, आणि बॅटऱ्या उतरलेल्या. इंजिनं बंद. ‘ग्वाडलकनाल’ने दोर बांधून ओढायला सुरुवात केली खरी, पण अडकलेल्या सुकाणूमुळे पाणबुडी एका बाजूला खेचली जात होती. रात्री तो पोलादी दोर तुटला. दुसरा बांधावा लागला.

‘ग्वाडलकनाल’चा मुख्य अभियंता अर्ल ट्रोसिनो पाणबुडीच्या तळाशी, तेलकट पाण्यात सरपटत एकेक पाइप कुठून कुठे जातो ते शोधत होता. जर्मन येत नव्हतं, पाणबुडीवर कधी काम केलेलं नव्हतं. त्याने डिझेल इंजिनं क्लच काढून पाणी लोटणाऱ्या पंख्याच्या दंडापासून (शाफ्टपासून) सोडवली, मुख्य स्विच बॅटरी चार्जिंगवर टाकले आणि निरोप पाठवला की आता हिला जोरात ओढा.

त्या काळच्या पाणबुडीत एकाच दंडावर आधी डिझेल इंजिन, मग विजेची मोटर आणि शेवटी पंखा असे. पाण्याखाली इंजिनाला हवा मिळत नाही, म्हणून बॅटरीवर मोटर चालायची. पाण्यावर आल्यावर इंजिन पंखाही फिरवायचं आणि मोटरही, आणि तीच मोटर डायनामो होऊन बॅटरी भरायची. डीसी मोटर आणि डायनामो ही दोन यंत्रं नाहीतच. मी वर्गात मोटरचा सप्लाय काढून, टोकांना व्होल्टमीटर लावून शाफ्ट हाताने फिरवायला सांगायचो. काटा हलला की पोरं मोटर उचलून खालून बघायची, आत सेल लपवलाय का म्हणून!

मोटर फिरत असताना तिचं आर्मेचर, म्हणजे तारा गुंडाळलेला फिरता भाग, चुंबकीय क्षेत्र कापतं, म्हणून तिच्यात स्वतःचा एक विजेचा दाब (व्होल्टेज) तयार होतो, बॅटरीच्या विरुद्ध दिशेचा. त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. शिशाच्या बॅटरीचा एक सेल 2 व्होल्टचा. साठ सेल ओळीने जोडले तर 120 व्होल्ट. मोटरचा बॅक ईएमएफ 110 असेल तर उरलेल्या 10 व्होल्टच्या जोरावर वीज बॅटरीतून मोटरकडे जाते. कोणी बाहेरून शाफ्ट जोरात फिरवला आणि बॅक ईएमएफ 140 झाला, तर प्रवाह उलटतो, मोटरकडून बॅटरीकडे. जोडणी तीच, फिरण्याची दिशाही तीच. हा आकडा ठरतो शाफ्टचा वेग आणि फील्डचा (चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या गुंडाळीचा) प्रवाह यांच्या गुणाकारावर. फील्ड वाढवलं तर कमी वेगातही दाब चढतो, पण शाफ्ट फिरवायला जड जातो, कारण बॅटरीत जाणारी प्रत्येक वॅट कोणीतरी बाहेरून पुरवावीच लागते.

इथे ती पुरवत होती ‘ग्वाडलकनाल’ची वाफेची इंजिनं. त्यांचा जोर दोरावर, दोराने पाणबुडी पुढे, म्हणून पंख्यावरून पाणी मागे, म्हणून पंखा फिरतो, दंड फिरतो, आर्मेचर फिरतं. एका जहाजाच्या बॉयलरमधली उष्णता पोलादी दोरातून दुसऱ्या जहाजाच्या बॅटरीत उतरली, मध्ये विजेची एकही तार नाही! मुंबईची लोकल ब्रेक लावताना वीज परत वरच्या तारेत पाठवते, ती याच तत्त्वावर. बॅटरी भरली तसे पाणबुडीचे स्वतःचे पंप आणि हवेचे कॉम्प्रेसर सुरू झाले. पाणी उपसलं गेलं, यू-505 पुन्हा नीट तरंगू लागली आणि 19 जूनला बर्म्युडाला पोचली.

भर समुद्रात शत्रूची युद्धनौका चढून पकडण्याची अमेरिकी नौदलाची 1815 नंतरची ही पहिलीच वेळ होती. तरी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल किंग गॅलरीवर भडकले, कोर्ट मार्शलचा विचार बोलून दाखवला. पकडल्यावर दोनच दिवसांनी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्तांची चढाई व्हायची होती. पाणबुडी पकडल्याची कुणकुण लागून जर्मनांनी सगळे संकेत बदलले असते, तर वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात गेली असती. म्हणून ताफ्यातल्या सुमारे तीन हजार माणसांना तोंड बंद ठेवायला सांगितलं, आणि ती बंद राहिली. पकडलेले 58 जर्मन खलाशी लुइझियानात इतर कैद्यांपासून वेगळे ठेवले गेले. रेडक्रॉसलाही कळवलं नाही. घरच्यांनी त्यांना मेलेलं धरलं. त्यातले शेवटचे 1947 मध्ये घरी पोचले.

लेफ्टनंट डेव्हिडला अमेरिकेचा सर्वोच्च सन्मान जाहीर झाला. तो हातात पडण्याआधीच, सप्टेंबर 1945 मध्ये, तो हृदयविकाराने गेला. पाणबुडी नौदलाने तोफांच्या सरावात बुडवायचं ठरवलं होतं. गॅलरी शिकागोचाच. तिथल्या संग्रहालयाला ती मिळावी म्हणून तो आणि त्याचा पाद्री भाऊ झटले. सप्टेंबर 1954 मध्ये सरोवराकाठचा मोठा रस्ता रात्री बंद ठेवून ती रुळांवरून पलीकडे ओढत नेली. 2004 पासून ती जमिनीखालच्या दालनात आहे. त्या गावी कोणाची लेक-सून असेल आणि जाणं झालं, तर पुढचे टॉर्पेडो बघून लगेच मागे फिरू नका. मागच्या बाजूला जा. दोराने ओढताना ज्यांनी दंड फिरवले ते दोन्ही पंखे तिथे आहेत.