पार्श्वभूमी : परिसराला धरून बांधणं पेठांमधून बाहेर का गेलं

पुण्याच्या आर्किटेक्ट मंडळींची अलीकडची जी कामं वाखाणली जातात, त्यांच्यात बरंच साम्य आहे. काळा दगड, उतरतं छप्पर, मधे चौक, जुनं सागवान, जमिनीचा उतार न मोडता बसवलेलं घर. दुसरं साम्य असं की यातली बहुतेक कामं मुळशी, पानशेत, भोर या पट्ट्यात आहेत. ज्या कसबा, सदाशिव, शनिवार, नारायण पेठांमधून ही समज आली, तिथे आज उठणारी इमारत मात्र कोथरूड-वाकडला उचलून नेली तरी ओळखू येणार नाही. पेठेत काम करणाऱ्या आर्किटेक्टना दृष्टीच नाही, असं यावर सर्रास बोललं जातं. ते मला पटत नाही. पेठेत परिसराला धरून बांधायचं म्हटलं, तर पहिली अडचण नकाशा मंजुरीला येते.

वाडा कसा असतो हे पुणेकरांना सांगायला नको. जोत्यापर्यंत घडीव दगड, वर विटा-मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब-तुळया. पुढच्या वादासाठी एकच गोष्ट लक्षात ठेवायची. शेजारच्या वाड्याला भिंत लागलेली असायची, कित्येकदा ती सामाईकच असायची. उजेड आणि वारा बाजूंनी येत नसे, तो चौकातून येई. अरुंद आणि खोल जागेवर दाटीने राहूनही घर हवेशीर ठेवायची ही पक्की युक्ती होती.

वाडे पडायला लागले त्याची कारणं दोन. पहिलं भाडं. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधून टाकलं. फाळणीनंतरच्या घरटंचाईत भाडेकरूला आसरा हवाच होता, पण ती सोय पन्नास वर्षं टिकली आणि मालकाला कौलं चाळून घेण्यापुरतेही पैसे भाड्यातून सुटेनात. 1999 च्या नव्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली. तोवर तुळयांना वाळवी लागून गेली होती. दुसरं कारण 12 जुलै 1961. पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं आणि मातीच्या भिंती अक्षरशः विरघळल्या. त्या जागी सिमेंट-सळईचं आरसीसी बांधकाम आलं. परत आलेल्या माणसांना घाई होती, आणि पुन्हा मातीवर विश्वास ठेवा असं त्यांना सांगायला कुणाची जीभ रेटली नसती.

आजच्या पिढीला ज्या दोन इमारतींनी वळण लावलं त्या मात्र पेठेबाहेर, मोकळ्या आवारात झाल्या. पहिली विद्यापीठाच्या आवारातली आयुका, म्हणजे खगोलशास्त्राची संशोधन संस्था. संस्था 1988 ची, इमारत त्यानंतरच्या काही वर्षांत उभी राहिली. तिथली भिंत जवळ उभं राहून बघावी. खाली खडबडीत बेसाल्ट, त्यावर आणखी काळा कडप्पा आणि माथ्यावर चकचकीत काळा ग्रॅनाइट, ज्यात आभाळ दिसतं. मधे पायऱ्यांचं कुंड. कुठेही महिरप नाही, कोनाडा नाही, तरी इमारत दख्खनची वाटते. दुसरी पौडजवळच्या टेकडीवरचं निवासी विद्यालय, 1997 चं. डोंगराच्याच दगडाच्या भिंती आणि पावसाचा विचार करून घातलेली छपरं. पुण्यात शिकणारी मुलं या दोन्ही ठिकाणी वह्या घेऊन जातात. दोन्ही ठिकाणी आर्किटेक्टच्या हातात चारी बाजूंनी मोकळी जमीन होती, हे मात्र त्या वह्यांत फारसं येत नाही.

आता साइड मार्जिनकडे, म्हणजे इमारतीच्या बाजूंना सक्तीने मोकळ्या सोडायच्या जागेकडे येतो, कारण पेठांचा खरा प्रश्न तिथे अडकला आहे.

डिसेंबर 2020 मध्ये राज्यभरासाठी बांधकामाची एकत्रित नियमावली आली. बांधकामाचं क्षेत्र मोजायची पद्धत तिने बरीच सुटसुटीत केली, ते चांगलंच झालं. पण जुन्या दाट वस्तीत ठरावीक उंचीच्या पुढे बाजूला मीटरभर जागा सोडायची अट आली आणि वाडामालकांमध्ये गलका झाला. हिशोब साधा आहे. 18 फूट रुंदीचा वाडा घ्या. दोन्ही बाजूंना मीटर-मीटर सोडलं की साधारण साडेसहा फूट जातात. उरतात साडेअकरा. त्यात जिना, लिफ्ट आणि एक खोली बसवून दाखवा.

अट ठेवावी म्हणणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आग लागली तर शिरायचं कुठून, शेजारच्याचा पाया खोदाईत उघडा पडला तर काय, सांडपाण्याचे पाइप दुरुस्त कसे करायचे. पण इमारती भिंतीला भिंत लावून उभ्या असतात तेव्हा मीटरभराच्या बोळातून अग्निशमनाचा जवान शिडी घेऊन जात नाही. तिथे कचरा साठतो आणि एसीची यंत्रं लटकतात. उजेडाचं म्हणाल तर चार मजल्यांच्या मधल्या त्या फटीतून दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. हीच जागा गोळा करून मधे चौक म्हणून सोडली असती, तर सगळ्या खोल्यांना वारा मिळाला असता. बाजू शून्य ठेवा, त्याच्या बदल्यात मधे अमुक मापाचा चौक सक्तीचा करा, सामाईक भिंतीला अग्निरोधाची अट घाला, ही मागणी पेठेत काम करणारे आर्किटेक्ट जुनी म्हणतात ती उगीच नाही. माझ्या मते ती रास्त आहे. चर्चा मात्र अट शिथिल करायची की नाही एवढ्यावरच फिरत राहिली. शिथिल केली तर बिल्डर कडेपर्यंत बांधणार आणि चौकही देणार नाही, ही भीती त्यामुळे खोटी म्हणता येत नाही.

पार्किंगने उरलंसुरलं घेतलं. छोट्या जागेवर गाड्यांची अट पाळायची तर तळमजला खांबांवर उचलावाच लागतो. जिथे ओटा होता, दिंडी दरवाजा होता, बसलेला माणूस रस्त्यावरच्याला हाक मारू शकत होता, तिथे आता शटर आणि स्कूटर. ओसरीचंही तेच. रेरा या घरखरेदीच्या कायद्याच्या व्याख्येत व्हरांडा, बाल्कनी आणि उघडी गच्ची चटई क्षेत्रात, म्हणजे कार्पेट एरियात धरत नाहीत आणि फ्लॅटचा भाव चटईवर सांगितला जातो. मग ओसरी कोण काढणार? आर्किटेक्टकडे समोरची दहा-पंधरा फुटांची भिंत तेवढी उरते आणि तिच्यावर लाल विटांचं आवरण, जाळी, एखादी महिरप लावून मालकाची हौस भागवली जाते. त्यात आर्किटेक्टची चूक शोधणं मला अन्यायाचं वाटतं.

इकडे वाडा उतरवताना निघालेले खांब, तुळया, नक्षीची दारं विकली जातात आणि त्यातली बरीच शहराबाहेरच्या फार्महाउसमध्ये जाऊन बसतात. लाकूड वाया जात नाही, हे बरंच. पण पेठेतलं सागवान आणि पेठेचं ज्ञान एकाच रस्त्याने पौडकडे निघाल्याचं बघताना त्रास होतो.

सध्या जोर आहे समूह पुनर्विकासावर. चार-सहा वाडे एकत्र केले की मार्जिनही बसतं, पार्किंगही बसतं, शिवाय जादा एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधायची मुभा मिळते. भाडेकरू आणि मालक दोघांनाही पक्कं घर हवं आहे, तेव्हा याला विरोध करणं सोपं नाही. पण जागा एकत्र झाल्या की बोळ जातात, अरुंद-खोल वाटण्या जातात आणि चौक मागण्याचं कारणही जातं. पाडकामाची परवानगी देण्याआधी प्रत्येक वाड्याचा मोजणी नकाशा काढून ठेवणं आणि नव्या आराखड्यात जुने बोळ पायवाट म्हणून कायम ठेवणं, एवढ्या दोन अटी तरी समूह योजनांच्या मंजुरीत आत्ताच घालता येतील.